दूरच्या गावातली बाई

पाळकसाहेबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्यांच्या बायकोचं मत होतं आणि ते चर्चच्या सगळ्या मंडळीला मान्य होतं. माणूस तसा देवमाणूस. कुणाच्या घरी आजारपण असो की भांडण, बोलावण्याआधी हजर. पण दाखल्यांचा भारी सोस. सोमवारी न्हाव्याकडे ऐकलेलं, बुधवारी दवाखान्याच्या रांगेत पाहिलेलं, सगळं रविवारच्या उपदेशात यायचं. नाव घ्यायचं नाही, एवढंच काय ते पथ्य. "दूरच्या गावात एक माणूस होता," अशी सुरुवात झाली की मंडळी बाकांवर सरसावून बसायची आणि आज कुणाची पाळी म्हणून माना वळवायची. शिंप्याची बायको तर घरात नवऱ्याला दटावायची, "हळू भांड, पाळक रस्त्यानं चाललेत."

"अगं, प्रभूनंही रोजच्या जगण्यातलेच दाखले दिले," पाळक बायकोला म्हणायचे. "पेरणारा, मेंढपाळ, हरवलेलं नाणं शोधणारी बाई."

"दिले ना. पण त्या बाईनं नाणं हरवल्याचं विश्वासानं त्याच्या कानात सांगितलं नव्हतं," असं म्हणून पाळकबाई भांडी विसळत राहायच्या.

कोपऱ्यावर मावशींची बेकरी होती. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं. प्रभूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळ्यांना वाटायचा प्रभुभोजनाचा पाव वर्षानुवर्षं त्यांच्याच भट्टीतून यायचा. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले. त्यानंतर एका सकाळी पाळक सहज दुकानात शिरले, तेव्हा मावशी टेबलावरचं सुकलेलं पीठ खरवडत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, एक सांगू? प्रभूची प्रार्थना म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य आलं की माझा आवाजच बंद होतो. हे गेले ती कसली त्याची इच्छा? तेव्हापासून पुढचं सगळं नुसते ओठ हलवून म्हणते."

पाळकांना गहिवरून आलं. आणि पाळकांना गहिवरून आलं की उपदेश सुचतो, घात झाला तो तिथंच.

"दूरच्या गावात एक विधवा होती," ते रविवारी म्हणाले. "पहाटे उठून भट्टी पेटवायची."

अहो, कसलं दूरचं गाव! मंडळीत भट्टी पेटवणारी बाई एकच, आणि ती तिसऱ्या बाकावर बसलेली. पाळकांनी त्या बाईचं कौतुकच केलं. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहणारी ती आपल्या सगळ्यांहून प्रामाणिक आहे, असं म्हणाले. पण कौतुकापर्यंत पोचेतो सगळ्या माना वळल्या होत्या. मावशींनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, उठल्या आणि मधल्या वाटेनं बाहेर निघून गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी चर्चचा उंबरा ओलांडला नाही. पाव घ्यायला येणाऱ्या बायका काउंटरवर टेकून सल्ला द्यायच्या, "प्रार्थना करत जा हो, मन हलकं होतं." मावशी सुटे पैसे मोजून परत करायच्या. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला, तसा त्यांनी निरोप धाडला: पाव दुसरीकडून बघा.

तेव्हा कुठे पाळकांना उमगलं. बाईनं देवाशी जोडलेला शेवटचा धागा विश्वासानं त्यांच्या हातात दिला होता, आणि तोच त्यांनी तोडला होता. भर दुपारी ते बेकरीत गेले.

"मावशी, चुकलं माझं."

मावशी ट्रे पुसत राहिल्या. "माझी गोष्ट भर चर्चमध्ये सांगितलीत. माफी मात्र दुकानात चिटपाखरू नसताना मागताय?"

"मग रविवारी सगळ्यांसमोर मागतो."

"मागा. ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळू दे."

इकडे आड, तिकडे विहीर. मावशींनी ट्रे ठेवला आणि आवाज खाली आणला. "तुम्ही वाईट बोलला नाहीत, ते ठाऊक आहे मला. पण सगळे बघत होते आणि मी तिथं एकटी होते."

घरी येऊन पाळकांनी बायबल उघडलं. प्रभूनं एका बहिऱ्याला गर्दीतून बाजूला नेऊन बरं केलं आणि हे कुणाला सांगू नका म्हणून बजावलं, ती गोष्ट निघाली. ते शेवटचं बजावणं त्यांनी आजवर दर वेळी घाईनं ओलांडलं होतं, कारण त्यात उपदेशासाठी काही सापडायचं नाही. आज ते तिथंच अडले. माणसाचं दुःख ही त्याची खासगी खोली असते. प्रभूसुद्धा तिचं दार मागे लावून घेत होता, आणि आपण मात्र सगळ्यांना आत बोलावून मोकळे.

संध्याकाळी ते बायकोजवळ बसले. "आपली छोटी गेली ना, तेव्हाचं एक तुलाही सांगितलेलं नाही. ते रविवारी सांगू का? ती गोष्ट तुझीही आहे, म्हणून विचारतो." आणि त्यांनी सांगितलं. पाळकबाई खूप वेळ रडल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "सांगा. विचारलंत तरी."

रविवारी पाळक उभे राहिले. "दूरच्या गावात एक पाळक होता." झालं, मंडळीच्या माना इकडेतिकडे.

"माना सरळ ठेवा. गाव हेच आणि पाळक मीच. माझी मुलगी गेली, त्यानंतर कितीतरी महिने मी इथं उभा राहून तुमच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतली आणि स्वतः नुसते ओठ हलवले. तुमच्या आवाजावर तरलो मी. यापुढे दाखला द्यायचा तर माझाच देईन. आणि कुणाकडे मान वळवायची असेल, तर माझ्याकडे वळवा."

बातमी जेवणाच्या आत बेकरीत पोचली. पोचणारच.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. पाळकबाईंनी दुसरीकडून आणलेला पाव मेजावर मांडला होता. उपासना सुरू होण्याआधी मावशी आल्या, फडक्यात गुंडाळलेला गरम पाव घेऊन. मेजावरचा पाव बोटानं दाबून पाहिला, "शिळा आहे," म्हणाल्या, बाजूला केला आणि आपला ठेवला. मग जाऊन तिसऱ्या बाकावर बसल्या. एकही मान वळली नाही. प्रार्थनेच्या वेळी पाळकांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मावशींचे ओठ हलतात की आवाज येतो, हे पाहायचा मोह त्यांना फार झाला, पण त्यांनी पाहिलं नाही.

निघताना दारात मावशी त्यांच्या जवळ थांबल्या आणि हळू आवाजात काहीतरी बोलल्या. पाळकांनी मान हलवली. त्यांचा चेहरा असा फुलला होता की घरी पोचेपर्यंत पाळकबाईंना धीर धरवेना.

"काय म्हणाल्या हो मावशी?"

पाळकांनी कोट काढून खुंटीला अडकवला. "पाव नीट भाजला होता का, विचारत होत्या."

पाळकबाईंनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच या माणसाच्या पोटात काहीतरी राहिलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, जेवायला वाढलं.