चाफ्याची फांदी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

अनसिंगला आमच्या दारात गुलाबी चाफा आहे. थंडीत नुसती बोडखी खोडं, पण उन्हाळ्यात असा फुलतो की जाणारे-येणारे गाडी थांबवून बघतात. माझ्यात कौतुक करण्यासारखं दुसरं होतं तरी काय? रूप बेताचं, शिक्षण दहावी नापास. चाफा मात्र अख्ख्या गावात माझ्याच दारी.

समोरच्या सुलोचनावहिनींनी एकदा फांदी मागितली. त्यांची दोन बाळं पोटातच गेलेली. अंगणात काहीतरी वाढताना दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नाही कसं म्हणणार? दिली मी फांदी.

आता चाफ्याचं असं असतं — फांदी तोडली की चीक गळतो. ती आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्यायची. मग वाळू नाहीतर मुरूम मिसळून लावायची, आणि पाणी अगदी बेतानं. नाहीतर सडते. मला हे सगळं पाठ होतं. आणि मी काय सांगितलं?

"आत्ताच लावून टाका वहिनी. आपली काळी माती बेस आहे. पानी रोज टाका, चांगलं भरपूर."

महिन्याभरात फांदी बुडातून मऊ पडली. पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. तीन वेळा मी माझ्या हातानं फांदी तोडून दिली, तीनही वेळा तेच सांगितलं. रोज सकाळी त्या पदर खोचून पाणी घालायच्या — आणि मी दारातून बघायचे. बरं वाटायचं का मला? वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तिसरी फांदी उपटून त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. माह्या हातानं काहीच जगत नाही."

तेव्हा तरी बोलायचं होतं! मी म्हटलं, "असते एकेकाच्या हाताचं तसं."

त्यानंतर त्यांनी काही लावलं नाही. साधी तुळससुद्धा जावेकडून लावून घेतली.

गेल्या वर्षी त्या जावेला मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळ्या जमलो होतो. कुणीतरी बाळ वहिनींपुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले.

"मले नका देऊ," त्या हसत म्हणाल्या, "माह्या हाताले गुण नाही."

बायका म्हणाल्या, असं काय बोलता. वहिनी मागेच सरकल्या. बाळ पाळण्यात गेलं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं — आणि सगळ्यांबरोबर पाळणा म्हणायला लागले.