औषधवाल्याच्या घरी अळी

आता कुठून सुरू करू? आधी चहा घ्या. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडून साधं झुरळाचं औषध तरी घ्याल की नाही, मला शंकाच आहे!

कळमन्याकडे माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं आणि मुख्य म्हणजे अळीची औषधं. शेतकरी मोबाइलवर अळीचा फोटो दाखवतो, मी चष्मा न लावता सांगतो, "हे मार, उद्या सफाचट." अळीशी माझं नातं एवढंच. आणि त्या जोरावर, खोटं कशाला बोलू, मी स्वतःला फार मोठा जाणकार समजत होतो.

अशा माणसाच्या घरी काय यावं? फुलपाखरू वाढवायचं किट!

माझी मुलगी यशू चौथीत आहे. प्रश्न विचारून विचारून समोरच्याला घाम फोडते. तिच्या वाढदिवसाला मामाने ते किट पाठवलं. जाळीचा उभा पिंजरा, भिंग, पाणी शिंपडायची इवलीशी बाटली आणि माहितीची पुस्तिका. अळी तेवढी आपली आपण शोधायची. यशूने ती आमच्या मनीषनगरच्या घराच्या गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीत शोधली. हिरवीगार, गुबगुबीत. नाव ठेवलं ढमी.

त्याच दिवशी मला फर्मान निघालं. "बाबा, दुकानातून आले की आधी आंघोळ. मग ढमीजवळ यायचं."

"काहून वं?"

"तुमच्या शर्टाले औषधाचा वास येते."

घ्या! बायकोने वीस वेळा सांगून जे झालं नाही, ते एका अळीने करून दाखवलं. पण खरं सांगतो, मलाही लळा लागला हो. पान कुरतडताना तिचं डोकं कसं वर-खाली होतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. यशूचं एकच स्वप्न होतं. फुलपाखरू बाहेर येताना आपल्या डोळ्यांनी पाहायचं.

आणि नेमकं भंडाऱ्याला बायकोच्या चुलत भावाचं लग्न निघालं. दोघी गेल्या. मी दुकानामुळे मागे राहिलो. जाताना यशूने मामेबहिणींना दाखवायला पुस्तिका सोबत नेली आणि मला बजावलं, "ढमी तुमच्या भरवशावर आहे."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ढमीने पानाला तोंडच लावलेलं नाही! पिंजऱ्यात नुसती सैरावैरा फिरत होती. संध्याकाळी एका काडीला जाऊन चिकटली. अंग आकसलं, रंग उतरला. हलवून पाहिलं तर हूं नाही की चूं नाही.

अहो, ही लक्षणं मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार? शेतकऱ्याने असा फोटो पाठवला की मी लगेच शाबासकीचा अंगठा पाठवतो. औषध लागू पडलं!

ढमी गेली होती. आणि मारली कोणी? मीच! आदल्या दिवशी टीव्हीवर मॅच लागली होती. त्या नादात आंघोळ न करताच तिला पानं घातली होती.

तेवढ्यात यशूचा व्हिडिओ कॉल. पहिलाच प्रश्न, "बाबा, ढमीनं खाणं बंद केलं का?"

हिला कसं कळलं? मी घाबरून म्हणालो, "छे छे! मस्त खाऊन राहिली!"

यशूचा चेहरा पडला. "अजूनही खाऊन राहिली?"

मला वाटलं, पोरीला कमी पडलं. म्हणून मी आणखी वाढवून दिलं. "अजूनही म्हणजे? डबल खाऊन राहिली!"

"इकडेतिकडे फिरली पण नाही?"

"कायले फिरते? एका जागी बसून आराम आहे तिचा."

झालं, यशूने भोकाडच पसरलं! बायकोने फोन हिसकावला. "काय सांगितलं हो तुम्ही तिले?"

"चांगलंच तं सांगितलं ना!" मी म्हणालो. फोन कट.

मला काही समजेना. अळी खाते म्हटलं की ही रडते, मग मेली म्हटलं तर काय करेल? मी ती काडी अलगद काढली. कचऱ्यात टाकायचा जीव होईना. कढीपत्त्याच्या कुंडीत खोचली, वर झेंडूची दोन फुलं ठेवली आणि हात जोडले. माझ्या धंद्यातल्या माणसाने अळीला हात जोडले, कल्पना करा! डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही सांगून टाकतो.

आता एकच उपाय होता. पोर यायच्या आत दुसरी ढमी आणायची. असली अळी कढीपत्त्यासारखी कागदी लिंबावरही पडते, म्हणून सोसायटीतलं लिंबाचं झाड पान न् पान शोधलं. एक अळी नाही. असणार कशी? मागच्याच आठवड्यात मीच फुकटात फवारून दिलं होतं. शेवटी कुहीच्या नामदेवरावांना फोन लावला. माझं जुनं गिऱ्हाईक.

"नामदेवभाऊ, तुमच्या लिंबावर अळ्या आहेत का?"

"नाही ना भाऊ! तुमचंच औषध मारलं, एक नाही वाचली!"

स्वतःच्या मालाची तारीफ ऐकून मला पहिल्यांदाच रडू आलं.

"कुठून तरी एखादी जिवंत पाहून द्या ना गा. लई अर्जंट आहे."

नामदेवराव हळूच म्हणाले, "समजलं. नवीन औषध आलं वाटते. टेस्टिंग करून राहिले का?"

पोरीची अळी मेली म्हणून रडतोय, असं गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हटलं, "हो, टेस्टिंगच समजा."

इथेच मी मेलो. सकाळी बेल वाजली. दारात नामदेवराव. दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत भोकं पाडलेले डबे, बरण्या, मिठाईचे खोके!

"साऱ्या गावातून गोळा केल्या भाऊ. ही लिंबावरची, ही तुरीवरची, ही कोबीवरची. साऱ्यांवर मारून पाहा. काही दिवसांनी रिझल्ट पाहाले येतोच मी."

ते गेले. मी लिंबावरची एक गुबगुबीत अळी पिंजऱ्यात सोडली. बाकीचे डबे लपवतो न लपवतो तोच दारात यशू आणि तिची आई! पोरीने लग्नात अन्नाला हात लावला नव्हता. वरात निघायच्या आत आईला घेऊन परत आली होती.

यशू थेट पिंजऱ्याशी. भिंग लावून पाहिलं. "ही ढमी नाही."

"ढमीच आहे बेटा. जराशी बारीक झाली."

"बाबा."

त्या एका शब्दावर माझं सगळं अवसान गळालं. मी खालीच बसलो. "ढमी गेली गं. माझ्यामुळे गेली. खाणं बंद केलं, फिरत राहिली, मग आकसली, काडीला चिकटली…"

यशूचे डोळे भरत होते, ते मध्येच थांबले. "काडीले चिकटली? डोकं वर करून? कमरेले धागा होता?"

"होता तसा बारीकसा."

"बाबाऽऽ! कुठं आहे ती काडी?"

गॅलरीत धावलो. यशूने झेंडूची फुलं बाजूला केली. काडीवर, एका धाग्याला रेलून, हिरवा टुमदार कोष!

"मेली नाही बाबा, कोष केला तिनं! पुस्तिकेत लिहिलं आहे, कोषाच्या आधी अळी खाणं सोडते अन् फिरते. तुम्ही खाऊन राहिली म्हणाले, तं मले वाटलं ती आजारी पडली!"

मी खुळ्यासारखा बघत राहिलो. अळीचं पुढे काय होतं, हे मला माहीत असणार तरी कसं? आम्ही तिला तेवढं जगूच दिलं नव्हतं! यशू गळ्यात पडली आणि मला इतकं हलकं वाटलं की बायकोने डबे उघडून किंकाळी फोडली, तीसुद्धा गोड लागली.

मग काय, त्या सगळ्या अळ्या घरच्याच झाल्या. कोबीच्या अळीसाठी मी बाजारातून कोबी आणू लागलो.

एका सकाळी यशूने हाक मारली. कोष काळपट झाला होता. बघता बघता चिरला आणि ढमी बाहेर आली. ओली, पंख चुरगळलेले. माझ्या तोंडून निघालंच, "अरेरे, ही तं…"

"बाबा, चूप!"

हळूहळू पंख उलगडले, तासाभरात वाळले. काळ्यावर पिवळे ठिपके. यशूने माझं बोट घट्ट धरलं होतं. मला बाप्पा दुकान, धंदा, काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊ, झालं का टेस्टिंग?"

नामदेवराव! बायकोने त्यांना थेट गॅलरीत पाठवलं होतं. त्यांनी पाहिलं. बरण्यांमध्ये त्यांच्या गावच्या अळ्या फुगून टम्म, कराकरा कोबी खाताहेत. आणि त्यांच्या नाकासमोरून ढमी भिरभिरत आभाळात!

"हे पण अळीचंच झालं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो काका!" यशू अभिमानाने म्हणाली. "बाबांनीच केलं!"

नामदेवरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझ्यापुढे हात जोडले.

"भाऊ, राग नका मानू. पण हे औषध आमच्या गावात नका पाठवू. मेल्या तं नाहीच, वरून पंख फुटले!"