मुकादमाला घर पाहिजे

कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से भंगारासारखे साठतात. घ्यायला कोणी नाही, टाकवत तर त्याहून नाही! सिल्वासाच्या आमच्या प्लास्टिक कंपनीतले माझ्याकडे पोतंभर आहेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तिथे सुपरवायझर होतो. आज फक्त पोपटाचे सांगतो. हसू आलं तर हसा बुवा, मला आता येत नाही.

*

पोपट नाना बोरसेंचा. नाना आमचे फिटर, धुळ्याकडचे, एकटा जीव. खोलीवर मांजरांचा त्रास, म्हणून पिंजरा मशीनशेजारच्या खांबाला टांगायचे. दिवसभर वर बसून दुसऱ्यांचं काम बघतो म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं मुकादम. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "जेवला का?" मॅनेजरने जन्मात कधी विचारलं नाही ते!

आता कामाची पद्धत ऐका. रोलरमध्ये माल अडकला की मशीन बंद करून फिटर आत हात घालायचा. बटण पलीकडच्या बाजूला, तिथून ऑपरेटरला फिटर दिसायचा नाही. हात बाहेर काढला की फिटरने तोंडाने शिट्टी मारायची, मगच त्याने बटण दाबायचं. सेफ्टी म्हणाल तर एवढीच.

एका दुपारी नानांचा हात आत असतानाच मशीन सुरू झालं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. बटणावर होता युवराज, नंदुरबारकडचा, ऐन पंचविशीतला. भिंतीला टेकून नुसता बटणाकडे बघत होता. मॅनेजर त्याच्यावर धावून गेला, "शिट्टी नसताना दाबलंस? घरी बस आता! पोलिसात देतो तुला!"

आम्ही नानांना उचलून टेम्पोत घालत होतो. तशा अवस्थेत ते बोलले, "त्याले काही बोलू नका. शिट्टी वाजली होती. मुकादमाने मारली."

*

चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. विचारलं, "पोपटाची शिट्टी कोणी ऐकली?"

पहिल्याने हात वर केला. मग दुसऱ्याने. मग काय, बारा जण झाले! एक तर म्हणाला, "हुबेहूब नानांसारखी, साहेब! मी पण फसलो असतो!"

बारावा मी. झोकात सही ठोकली.

अपघाताचं कारण म्हणून कागदावर लिहिलं गेलं, पोपट. मॅनेजर खूश, रोलरला जाळी बसवायचं टळलं. युवराजची नोकरी राहिली. सापडला तो मुकादम.

*

पोरांनी त्याची मान मुरगळायचं ठरवलं. कोणीतरी पाण्याच्या वाटीत तंबाखू टाकली, ती मी वेळेवर बघितली. तेवढ्यात हॉस्पिटलमधून नानांचा निरोप आला, "वाघसाहेब, काहीही करा, त्याले चांगलं घर बघा." ज्याने बोटं खाल्ली त्याचाच पुळका! कमाल आहे म्हटलं, आणि पिंजरा माझ्याच घरी नेला.

आमच्या सौ.ने त्या दिवसापासून मिक्सरला हात लावला नाही.

"भांडं पुसताना ह्याने शिट्टी मारली तर?"

"अगं, पण बटण कोण दाबणार आहे?"

"तुम्ही!"

मग गलोंड्याच्या पिठाच्या गिरणीवाल्याने हौसेने मागून नेला. चौथ्या दिवशी सायकलला पिंजरा बांधून स्वारी परत. बायका पट्ट्याच्या आसपास फिरकत नव्हत्या म्हणे. पिंजरा दारात ठेवला आणि लांबूनच ओरडला, "साहेब, आ तो खूनी छे!"

*

एका रविवारी युवराज घरी आला. चहासुद्धा घेतला नाही. पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने चक्क हात जोडले.

"मार ना रे शिट्टी. एकदाच मार."

मुकादमाने विचारलं, "जेवला का?"

पोरगा ओक्साबोक्शी रडायला लागला. "साहेब, मले काहीच आठवत नाही. मी ऐकली होती ना?"

"अरे वेड्या, बारा जणांनी ऐकली! मी स्वतः ऐकली!"

त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो डोळे पुसून घरी गेला. त्या रात्री मला फार पुण्य केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

*

दोन महिन्यांनी नाना कामावर आले. हाताला फडकं गुंडाळलेलं. आल्या आल्या, मुलीला स्थळ बघावं तशी पोपटासाठी घरं बघायला लागले. खानवेलला एक घर चांगलं होतं, पण तिथे मांजर निघालं. दुसरीकडची पोरं दगड मारणारी. मी वैतागलो, "नाना, पक्षी आहे तो! किती चिकित्सा?"

"नको साहेब. त्याच्यावर आधीच लई झालंय."

शेवटी दुधनीला धरणाच्या पाण्याकाठी लखमाबाई भेटल्या. एकट्या राहायच्या, मासे सुकवून विकायच्या. मी त्यांना अपघाताची सगळी हकीकत सांगितली, मागाहून बोल नको. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कुठलं मशीन? राहू दे त्याला."

नानांनी पिंजरा खाली ठेवला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला जरा सुटल्यासारखं दिसलं.

*

वर्षभराने मी आणि नाना बसने त्याला बघायला गेलो. पिंजऱ्याचं दार सताड उघडं आणि मुकादम लखमाबाईंच्या खांद्यावर! अंगाने भरला होता. आम्हाला बघून म्हणाला, "जेवला का?"

मी सहज विचारलं, "शिट्टीचा त्रास नाही ना होत?"

"कसली शिट्टी? याला येतच नाय! वर्ष झालं शिकवते मी, मासळीवरचे कावळे उठवायला. हा मान फिरवून बसतो."

मी नानांकडे बघितलं. उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत धरून ते त्याला मिरची भरवत होते.

"नाना... मग त्या दिवशी?"

"युवराजले दोन पोरी आहेत, साहेब."

मिरची त्यांनी देठापर्यंत भरवली. मग माझ्याकडे वळले आणि खरोखरच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "मी तर खोटं बोललो. पण साहेब, तुम्ही कशी काय ऐकली?"