उखाण्याबाहेरचे नाव

मनीषनगरातल्या सुभद्राबाई घाटोळे रोज सायंकाळी देवळात नामस्मरणाला बसत. देवाचे नाव त्यांच्या ओठांवरून झऱ्यासारखे वाहत असे. पण घरच्या माणसाचे नाव मात्र गळ्यापर्यंत येई आणि तिथेच थांबे. लग्न झाल्यापासून त्यांनी पतीला नावाने हाक मारली नव्हती. सणासमारंभात उखाण्यापुरते ते नाव बाहेर येई, आणि देवाची मूर्ती पालखीतून फिरवून पुन्हा गाभाऱ्यात न्यावी तसे लगेच आत जाई.

हा दंडक त्यांच्या सासूबाईंचा, यमुताईंचा. गृहप्रवेशाला उंबरठ्यावर सुभद्रेने उखाणा घेतला होता:

संत्र्याच्या बागेत बहर आला दाट,
नीळकंठरावांच्या संगतीनं धरली सासरची वाट.

बाया हसल्या, माप ओलांडले गेले, आणि यमुताईंनी सुनेला जवळ घेऊन हळूच सांगितले, "आता यापुढं उखाण्यातच घेजो वं पोरी. बाई जितक्या खेपा नवऱ्याचं नाव घेते, तितकं त्याचं आयुष्य कमी होते."

सुभद्रा एम.ए. झालेली मुलगी. ती मनात हसली. पण पुढे एकदा बँकेतल्या कारकुनाने खातेदाराचे नाव विचारले आणि ती सहज बोलून गेली. त्याच संध्याकाळी कळमेश्वरच्या रस्त्यावर नीळकंठरावांची स्कूटर घसरली आणि पाय मोडला. त्या दिवशी सुभद्रेची विद्या एका कोपऱ्यात जाऊन बसली आणि भीतीने घराच्या मधोमध पाट मांडला. नंतर दवाखान्यात, कचेरीत, कोणी नाव विचारले की ती कागद पुढे करी, शेजारणीकडे बघे, मुलाला सांगे. स्वतः बोलत नसे.

आणि गंमत पाहा. याच बाईने तरुणपणी त्याच नावाने विद्यापीठाचे आवार दणाणून सोडले होते. ती काटोलकडच्या खेड्यातून आलेली, तो कळमेश्वरजवळच्या. ग्रंथालयाच्या रांगेत पहिल्याच दिवशी ती "मले ते पुस्तक पाहिजे" म्हणाली, तशा शहरातल्या मुली फिसकन हसल्या. मागून एक आवाज आला, "मले बी तेच पाहिजे." तो नीळकंठ. शिकत होता गणित, आणि पुस्तक होते जुन्या काव्याचे. तेव्हापासून ती त्याला 'गा' म्हणे, तो तिला 'वं' म्हणे, आणि दोघांच्या बोलीला कोणी हसले तर दोघे मिळून अधिक मोठ्याने बोलत. सायकलींच्या गर्दीतून तिची हाक जाई, "नीळकंठ, कुठं जाऊन राहिला गा?" आणि पलीकडून 'ओ' येई.

त्या हाकेचे लग्न झाले आणि ती 'अहो' झाली.

जन्मभर गणित शिकवलेल्या नीळकंठरावांना गेल्या वर्षापासून काळाचा हिशेब लागेनासा झाला. सकाळी ते अगदी शहाणे, वर्तमानपत्र वाचणारे. दुपार उतरली की मात्र मन भलत्याच वर्षात जाऊन बसे. कधी गोठ्यातल्या, केव्हाच मेलेल्या गाईची चौकशी करीत. कधी उद्याच्या परीक्षेची काळजी करीत. डॉक्टरांनी सांगितले होते की हे वाढत जाईल, यांना एकटे सोडू नका. मुलगा उन्मेष बंगळूरहून फोन करून हेच बजावी. मी येईपर्यंत कुठे नेऊ नकोस, असे म्हणे. सुभद्राबाई हो म्हणत आणि फोन ठेवला की देवघरापुढे बसत. मरणाचे भय त्यांना नव्हते. भय होते त्या दिवसाचे, ज्या दिवशी हा माणूस आपल्याकडे पाहील आणि ही बाई कोण, असे विचारील.

माघातल्या एका शनिवारी चहा पिता पिता नीळकंठराव म्हणाले, "एकदा आपलं विद्यापीठ पाहून येऊ. मले आठवते तवरच."

यावर कोणती बायको नाही म्हणेल? दुपारच्या जेवणानंतर दोघे ऑटोने निघाली. त्यांचा मोबाईल हरवतो म्हणून सुभद्राबाईंनी तो स्वतःच्याच पिशवीत टाकला.

आवारात शिरताच नीळकंठरावांची पाठ ताठ झाली. हा आमचा विभाग, इथे सायकली, इथे त्या काळी चहाची टपरी. त्यांना सारे आठवत होते. निंबाच्या पारावर बसून त्यांनी बायकोची थट्टाही केली. "तू मले भेटाले नव्हती येत. माह्या डब्यातल्या ठेच्याले भेटाले येत होती."

"मंग ठेचा तुमच्यापेक्षा गुणाचा होता," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी दोघे पोटभर हसली.

हसण्याने माणूस सैल होतो. सुभद्राबाई सैल झाल्या. उन्हे कलली होती हे त्यांच्या ध्यानात आले नाही. "बसा, चहा घेऊन येते," म्हणून त्या कँटीनकडे गेल्या. दोन कागदी पेले सांभाळत परतल्या, तेव्हा पारावर कोणी नव्हते. पाराला काठी टेकलेली होती.

ती काठी पाहिली आणि त्यांच्या हातातला चहा सांडला. काठीशिवाय हा माणूस चालतो ते जुन्या काळातच. म्हणजे मन गेले होते, आणि देह त्याच्या मागे गेला होता. एका अंगाला अमरावती रोड, ट्रकांची रांग. दुसऱ्या अंगाला झाडोरा, आणि त्याच्यापलीकडे फुटाळा तलावाचे पाणी. मध्ये एकटी बाई, आणि उतरत चाललेला उजेड.

"अहो!" त्यांनी हाक मारली. वाटेवरून फिरायला निघालेले दोन-तीन वयस्क गृहस्थ एकदम वळले; 'अहो' हे तर घरोघरच्या पुरुषाचे नाव. ज्याने वळायला हवे होते, तो दिसला नाही.

फाटकावरचा पहारेकरी, धम्मानंद, धावत आला. कोण हरवले, कसे दिसतात, कपडे कोणते, सारे त्याने विचारले. मग म्हणाला, "नाव सांगा आजी, मी पुकारतो."

सुभद्राबाईंचे तोंड उघडले आणि मिटले. "आमचे हे," त्या म्हणाल्या.

"'आमचे हे' म्हणून मी कसा पुकारू?"

त्यांनी आडनाव सांगितले. धम्मानंद शिट्टी फुंकत रस्त्याच्या बाजूने "घाटोळे काका, घाटोळे काका" करीत गेला. सुभद्राबाई झाडोऱ्याच्या वाटेने निघाल्या. वाळक्या पाल्यात कुठेही खसखस झाली की त्या तिकडे वळत. जवळ गेले की कधी खार, कधी कुत्रे. पायवाट उतरू लागली. पाण्याचा ओला वास आला. मनात यमुताईंचे बोलणे घणासारखे पडत होते. त्यांना एकच सुचले. त्या पिंपळाखाली थांबल्या, पदर डोक्यावर घेतला आणि कापऱ्या आवाजात, झाडांना ऐकवावा तसा, उंबरठ्यावरचा तोच उखाणा म्हणाल्या. सासूने घातलेल्या कुंपणातून जेवढे नाव बाहेर काढता येईल तेवढे काढले. पण उखाणा हा चार बायांत, हाताच्या अंतरावर म्हणायचा. तो पिंपळापुढे गेला नाही.

तेव्हा त्या माउलीला उमगले. हा मनाने ज्या काळात गेला आहे तिथे त्याचे लग्नच झालेले नाही. तिथे 'अहो' नाही, 'राव' नाही, 'घाटोळे काका' तर मुळीच नाही. ज्या नावाने त्याला तिथे ओळखतात, ते नाव आपल्याच गळ्यात अडकले आहे. हाक मारावी तर आयुष्य तुटेल. न मारावी तर माणूस पाण्याकडे चालला आहे. देवा, ज्या नामाने तू गजेंद्रासाठी धावलास ते तारणारे, आणि माणसाचे नाव मारणारे, असा भेद तुझ्या घरी कसा असेल? तिने डोळे मिटले. भीती गेली नव्हती. भीतीसकटच तिने तोंड उघडले.

"नीळकंठ! कुठं हायेस गा?"

झाडांतले बगळे उडाले. मग काही नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, आवाज फाटेपर्यंत मारली.

"ओ!" खालून आवाज आला. "येऊन राहिलो वं. काहून ओरडून राहिली?"

पाण्याच्या अगदी कडेच्या दगडांवरून नीळकंठराव वर चढत होते. धोतराचा सोगा आणि चपला भिजलेल्या. जवळ येऊन ते कुजबुजले, "अंधार पडाले आला. चाल, होस्टेलवर सोडून देतो. रेक्टरबाई रागावन." बोलता बोलता त्यांची नजर तिच्या डोक्याकडे गेली. पदर खाली घसरला होता.

"सुभद्रे, तुहे केस कवा पांढरे झाले वं?"

तिने आयुष्यात ऐकलेला हा सर्वांत भयंकर प्रश्न होता. आणि त्यात तिचे नाव होते. तिने काठी त्यांच्या हातात दिली. "तुह्याच संगतीनं झाले," ती म्हणाली, आणि त्यांचा दुसरा हात घट्ट धरून, धम्मानंदाला ओरडून सांगत, उजेडाकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, नीळकंठराव पुन्हा आपल्या वयात आले होते. खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. सुभद्राबाईंनी स्वयंपाकघरातून चहासाठी त्यांना नावाने हाक मारली. पेपर खाली आला. "नाव काहून घेऊन राहिली?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले आणि भिंतीवरच्या यमुताईंच्या फोटोकडे बोट केले. "आई ऐकन."

सुभद्राबाईंनी फोटोला हात जोडले, समईत तेल घातले. नावाने आयुष्य तुटते की बांधले जाते, हे त्यांना अजून ठाऊक नव्हते. पण हाक ओळखीची ठेवायची तर ती रोज मारली पाहिजे, एवढे कळले होते. दुपार उतरू लागली तशी खोली शांत झाली. हातातले पीठ तसेच ठेवून त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि आतून 'ओ' येईपर्यंत श्वास धरून उभ्या राहिल्या.