टिकली होती ती जागा

तीन आठवडे कामासाठी बाहेरगावी होतो. परतल्यावरच्या रविवारी पनवेलच्या मासळी बाजारात चांगुणाबाईंच्या जागेवर त्यांची सून बसली होती. पाटी तीच, बसायचा पाटही तोच. "मावशी कुठायत?" मी विचारलं. मांदेलीचे वाटे लावणारे हात न थांबवता ती म्हणाली, "आई गेली ना साहेब. पंधरा दिस झालं. तुमाला कोन सांगनार?" खरंच, मला कोण सांगणार होतं? मी त्यांचा कुणीच नव्हतो. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती, म्हणून एक वाटा घेतला आणि घरी आलो. तो शिजवायचा राहूनच गेला...

गावोगावी राबवलेले कार्यक्रम कितपत उपयोगी पडले ते तपासून अहवाल लिहायचा, हे माझं काम. त्याच कामासाठी काही वर्षांपूर्वी मी उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या चांगुणाबाईंच्या गावात गेलो होतो. तिथे बायकांची सुरक्षा समिती स्थापन झाली होती. कुठे भीती वाटते ते बायकांनी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन मोकळेपणी सांगायचं, आणि पंचायतीने त्यावर काहीतरी करायचं, अशी साधी कल्पना. समाजमंदिरात मी गावाचा मोठा नकाशा अंथरला आणि टिकल्यांची पाकिटं वाटली. जिथे भीती वाटते तिथे लाल टिकली, वाटत नाही तिथे हिरवी. चांगुणाबाई विधवा. शेजारची कुणीतरी हसत म्हणाली, "तू कशाला टिकली घेतेस गो?" तर या म्हणाल्या, "कपालाला नाय चालत. कागदाला चालतंय." सगळ्या खळखळून हसल्या. सरपंचांचा मेहुणा चहापाण्याचं बघायला म्हणून दारात उभा होता, तोही हसला. मग चांगुणाबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या आणि त्यांनी लाल टिकली थेट पंचायतीच्या कार्यालयावर लावली. अंगठ्याने दाबून.

हसणं थांबलं. मी म्हणालो, "मावशी, चुकून लागली का? हे पंचायतीचं ऑफिस आहे."

"ठाव हाय मना," त्या म्हणाल्या. "तिथं बोललेलं माज्या आदी माज्या दारात पोचतंय."

दारातला मेहुणा चहा कुठे अडला ते बघायला बाहेर गेला. मी निघताना चांगुणाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बंदराच्या वाटेवर संध्याकाळी पिऊन बसणाऱ्यांची नावं त्यांनी समितीच्या बैठकीत घेतली होती. बैठक संपवून घरी पोचल्या, तर त्यातले तिघे ओट्यावर बसलेले. अगदी नम्रपणे म्हणाले, "काकी, आमचं नाव घेतलंत म्हनं?" बस, एवढंच. पण त्यानंतर त्यांनी त्या वाटेने जाणं सोडलं, लांबच्या बांधावरून जायला लागल्या.

आता जे लिहायचं आहे ते इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. अहवाल लिहायला बसलो तेव्हा ती एक टिकली सगळ्याच्या आड येत होती. ज्या कार्यालयावर कार्यक्रमाचा सगळा डोलारा उभा, त्याचीच बाईला भीती वाटते म्हटल्यावर बाकी कशाला अर्थ उरत नव्हता. ती टिकली काढ असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. ना सरपंचांनी, ना काम देणाऱ्या संस्थेने. मी आपणहून ती नखाने उचलली आणि दोन बोटं पलीकडे, एसटीच्या थांब्यावर लावली. थांब्यावर अंधार असतो, कोण विचारणार? अहवालात लिहिलं की थांब्याजवळ दिव्याची गरज आहे, समितीचं काम मात्र अनुकरणीय आहे. दिवा लागला, तो अजून लागतो. समितीच्या बैठकाही त्याच कार्यालयात चालू राहिल्या. चांगुणाबाई मात्र पुन्हा तिथे गेल्या नाहीत.

पुढे त्या पनवेलला मासळी घेऊन बसायला लागल्या. मला पाहून लांबूनच ओरडल्या, "आवो, टिकलीवालं साहेब!" तेव्हापासून दर रविवारी जायचो. हळूहळू साहेबाचा 'तू' झाला. मी एकटा राहतो हे त्यांनी न विचारताच ओळखलं होतं. "एकट्याचं पोट केवढं? अर्दा वाटा ने." अर्धा वाटा त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. आठवडाभर मी लोकांना प्रश्न विचारत फिरतो. मी जेवलो का, हे विचारणारं पनवेलमध्ये ते एकच माणूस होतं. आणि त्यांच्यासमोर मी कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त उभा राहू शकलो नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "काय लिवलंस आमच्या गावाचं?"

"तुम्ही बायकांनी सांगितलं तेच," मी म्हणालो.

शेवटच्या भेटीत बोलणं कोळंबीच्या भावावरून कुठून तरी त्या दिव्यावर आलं. कोळंबी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "थांब्याला मी कवाच भ्यायले नाय. कोनी सांगितलं असंल रं?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

त्यांनी हात पुसले. माझ्या पिशवीत मूठभर कोळंबी जास्तीची टाकली. म्हणाल्या, "नीट जेव." बस... तेव्हा सांगायला हवं होतं. बाजार भरलेला होता, गिऱ्हाईक होतं, पुढचा रविवार होता. कारणं मला चटकन सुचतात, माझा तो धंदाच आहे.

परवा कपाटामागून तो नकाशा काढला. थांब्यावर मी लावलेली टिकली केव्हाच गळून पडली होती. एकदा उचललेल्या टिकलीचा गोंद धरत नाही. पण पंचायतीच्या कार्यालयावर, चांगुणाबाईंनी अंगठ्याने दाबली होती तिथे, गोंद राहून गेला होता आणि इतक्या वर्षांची धूळ त्याला धरून बसली होती. काळा, वाटोळा डाग. अख्ख्या नकाशावर आधी तोच दिसतो. नकाशा मी जेवायच्या टेबलासमोर लावला आहे. काल जेवण झाल्यावर त्या डागावर बोट ठेवून पाहिलं.

अजून किंचित चिकट आहे.