भाडं न घेणारा मालक

"वकीलसाहेब, ह्यो मानूस कोन हाय तेवढं सांगा," असं म्हणत काशीबाईंनी समन्स माझ्यापुढे ठेवलं.

समन्स उर्दूत होतं. निजामाच्या राज्यात कोर्टाचा कारभार उर्दूतून चाले, त्यामुळे सेलूतले निम्मे पक्षकार नुसतं वाचून घ्यायलाच माझ्याकडे येत. मी वाचलं. दावा करणाऱ्याला आमच्याकडे मुद्दई म्हणत. हा मुद्दई परभणीचा एक सावकार होता. भाडं थकलं म्हणून तो घर खाली करून मागत होता.

"मी ह्याचं तोंड बी बघितलं न्हाई," काशीबाई म्हणाल्या. "घर तर मल्लाप्पाअप्पांचं हाय."

काशीबाई विधवा होत्या. जिनिंगच्या मजुरांसाठी त्या त्याच घरात खानावळ चालवत. घर गेलं तर चूलही जाणार होती.

"भाडं थकलंय का?" मी विचारलं.

"थकलंय बी आन् न्हाई बी. मी द्यायला गेले की अप्पा घेत न्हाईत. राहू द्या काशीबाई, म्हन्तेत. लय दिस असंच चालू हाय."

"मग पैसे शिल्लक असतील."

"थोडे हायेत. ज्वारी किती महागली! मान्सं उपाशी ठिवू का?"

भाडं बुडवणारे भाडेकरू मी पाहिले होते. वाढवून मागणारे मालकही पाहिले होते. मात्र भाडं नको म्हणणारा मालक माझ्या वकिलीत पहिलाच. आधी वाटलं, ही अप्पांची चाल असावी. भाडं घ्यायचं नाही आणि मग थकलं म्हणून दावा लावायचा. पण मग मुद्दई म्हणून अप्पांचंच नाव असायला हवं होतं. मला काही उलगडेना.

मी थेट अप्पांच्या आडतीवर गेलो. मल्लाप्पाअप्पा कापसाचे व्यापारी. बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी मला गादीवर बसवून चहा मागवला.

"काशीबाईला घराबाहेर कोण काढायलंय? मी तर चकार शब्द बोललो नाही," ते म्हणाले.

मी समन्स पुढे केलं. सावकाराचं नाव वाचल्याबरोबर त्यांनी मुनीमजींना काहीतरी काम सांगून बाहेर धाडलं. मग हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, कापसात बुडालो मी. घर ह्या सावकाराकडं गहाण होतं, ते त्याचंच झालं. आता दुसऱ्याच्या घराचं भाडं मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

"अहो, मग तिला सांगायचं तरी!"

"तिला सांगितलं की सगळी खानावळ ऐकणार. मग मला उधारीवर कापूस कोण देईल?"

या माणसावर रागवावं की नाही, हे मला कळेना. त्यांनी लबाडीचा एक पैसा घेतला नव्हता. आणि त्याच सचोटीपायी एक बाई रस्त्यावर येत होती.

"अप्पा, हेच तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल. मालक बदलल्याचं तिला ठाऊक नव्हतं, हे दुसरं कोणी सांगू शकत नाही."

मला कोणताच शब्द न देता त्यांनी चहाचे कप उचलायला लावले.

तारखेला काशीबाई सारख्या दाराकडे बघत होत्या. "येतेत का हो?" त्यांनी विचारलं. मला तरी काय माहीत? आमचा पुकारा झाला आणि पांढरा पटका बांधलेले अप्पा आत आले. न्याय देणाऱ्या मुन्सिफसाहेबांपुढे, भरल्या कोर्टात, त्यांनी सगळं सांगितलं. कर्ज, गहाण पडलेलं घर, नाकारलेलं भाडं. काहीही झाकलं नाही.

भाडं काशीबाईंनी जाणूनबुजून थकवलं नाही, हे कोर्टानं मानलं आणि दावा संपला तेव्हा घर त्यांच्याकडेच राहिलं. थकलेलं भाडं सावकाराला हप्त्याहप्त्यानं द्यायचं ठरलं. कोर्टाच्या भाषेत किस्तबंदी. अप्पांची बातमी मात्र त्या दिवशीच बाजारभर झाली. पुढे आडत बंद पडली आणि ते गंगाखेडला लेकीकडे राहायला गेले.

"अप्पा चांगले का वाईट, मला तर समजंना," काशीबाई मला म्हणाल्या. "तुमी शिकलेले, तुमी सांगा."

मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही येत नाही. एवढंच झालं की, त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला मी एक गोष्ट बजावू लागलो: मालक भाडं मागत असेल तर देण्याची सोय बघा, पण घेत नसेल, तर कारण विचारल्याशिवाय त्याच्या दारातून हलू नका.