विहिरीचा वास घेणारे साडू

आमच्या साडूंइतकं जमिनीच्या पोटातल्या गोष्टींवर प्रेम करणारा आणि जमिनीवरच्या माणसांना इतका न परवडणारा गृहस्थ महाड तालुक्यात दुसरा कुणी उतरला नसेल. माझ्या मेहुणीचे हे यजमान. पेट्रोल-डिझेल जमिनीत मुरलं की ते कुठून गळलं, कुठवर गेलं हे शोधायचं आणि माती-पाणी पुन्हा स्वच्छ करायचं, हा त्यांचा व्यवसाय. असाही व्यवसाय असतो हे मला त्यांच्याच लग्नात कळलं. नेमकं काय करता, असं मी विचारलं, तर नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून मांडवातली चिमूटभर माती उचलली, नाकाशी धरली आणि विचारलं, "इथे जनरेटर कुठे ठेवलाय?" जनरेटर मांडवामागे होता आणि तो खरंच गळत होता. मुहूर्त आठ मिनिटं पुढे गेला, कारण जावईबापू जनरेटरखाली पत्र्याचा डबा ठेवून घेत होते.

वास घेतल्याशिवाय ते काहीच तोंडात घालत नाहीत. चहाचा कप नाकाखालून फिरवतात, मग उजेडाकडे धरतात. आमच्या हिला आधी वाटायचं की पाव्हण्यांना चहा आवडला नाही. माझ्या पुतणीचं लग्न ठरवायला गेलो, तेव्हा मुलाकडच्यांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "विहीर शौचखड्ड्यापासून किती लांब?" उत्तर समाधानकारक नव्हतं. तिथे लग्न झालं, पण मुलाच्या वडिलांनी आमच्याशी सरळ बोलायला पुढे दोन दिवाळ्या जाव्या लागल्या. महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर सगळे कुटुंबीय अंघोळीचा आनंद घेत असताना हे काठावर बसून उष्णतामापक बुडवत होते आणि शेजारच्या म्हाताऱ्याला हे पाणी किती खोलवरून येतं ते समजावत होते. तो बिचारा गुडघे शेकायला आला होता.

काही वर्षांपूर्वी ते थेट आमच्याच घरी मुक्कामाला आले. बिरवाडीच्या अलीकडच्या एका वाडीतल्या विहिरीला वास येत होता. वाडीच्या वर, चढावर एक पेट्रोल पंप होता. गावाने अर्ज केले, वरून पंपमालकाला नोटीस आली, आणि मालकाने तपासणीसाठी जी कंपनी नेमली तिने नेमके आमचे साडू पाठवले. मालकाचं ग्रहमान त्या आठवड्यात बरं नसावं.

मी शाळामास्तर, मे महिन्यात रिकामा, म्हणून त्यांच्याबरोबर वाडीवर गेलो. विहिरीशी हंडा घेऊन एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वरीस झालं सांगतोय, पान्याला डिझेलचा वास हाय. पंचायतीतनं पावडर टाकून गेले. आता डिझेलचा बी वास येतो नि पावडरीचा बी." यावर एखादा साहेब हसला असता. साडूंनी वही काढली आणि विचारलं, "आजी, वास पहिल्यांदा कधी आला? पाऊस संपल्यावर, की आधी?" आजींनी हंडा खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना वर्षभरात कुणी विचारला नव्हता.

मग पंप आणि विहीर यांच्या मधल्या उतारावर साडूंनी चार बोअर मारले. दोरीला बांधलेली पारदर्शक नळी आत सोडायची, वर काढायची आणि बघायचं. पहिल्या तीन बोअरमध्ये पाण्यावर पिवळट तेलाचा थर तरंगत होता, पंपाजवळ जाडा, विहिरीकडे पातळ. चौथ्यात थर नव्हता, नुसता वास होता. नमुन्याच्या बाटल्या थंड ठेवाव्या लागतात, म्हणून त्या आमच्या फ्रिजमध्ये आल्या. हिची सोलकढी बाहेर आली. एके दिवशी फ्रिजला डिझेलचा वास येतो अशी हिने तक्रार केली, तर साडूंनी फ्रिज हुंगला आणि म्हणाले, "हे डिझेल नाही, वहिनी. हे तुमचे सुके बोंबील आहेत." दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

अहवाल लिहायच्या आधी पंपमालकाने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. गृहस्थ गोड बोलणारा. तिसऱ्यांदा मटण वाढत म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं पंप चालवतोय. थेंब इकडचा तिकडे झालेला नाही. कारखाने काय कमी आहेत इथे? तुम्ही समजून घ्या." साडूंनी समजून घेतलं, मटणही घेतलं, हात धुतले आणि म्हणाले, "जेवण फार उत्तम होतं. अहवालात तसा रकाना नाही, नाहीतर लिहिलं असतं." मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो. मटण पचेपर्यंत तरी माणसाने गप्प बसावं.

अहवालात लिहिलं होतं की टाकीपासून मशीनपर्यंतच्या नळाचा सांधा गळतोय. जमीन खोदली तेव्हा सांधा ओला निघाला आणि खालचा मुरूम काळा. मालकाने नळ बदलले. बोअरमधून तेल उपसलं गेलं. काळी माती प्लास्टिकवर पसरून, शेणखत मिसळून, दर आठवड्याला उलटीपालटी करायची, म्हणजे मातीतले जिवाणू डिझेल खाऊन टाकतात, असं साडू म्हणाले. पावसाळ्याआधी त्यांनी आमच्या अंगणातले पत्रे नेऊन या मातीवर शेड घालून घेतली. माझी स्कूटर त्या पावसाळ्यात अंगणात भिजली. पुढे आमच्या घरी फोन केला की ते भाच्यांनी अभ्यास केला का हे विचारायचे नाहीत. जिवाणूंना ओल पुरते का, हे विचारायचे.

पुढे मेहुणीकडून कळलं की त्या अहवालानंतर कंपनीने त्यांची दूर बदली केली आणि यायची असलेली बढतीही थांबली. साडू यातलं एक अक्षर आमच्याकडे बोलले नाहीत. रजा काढून, रात्रभर एसटीत बसून ते वर्षातून तीन-चारदा महाडला यायचे, विहिरीचं पाणी तपासायला न्यायचे. आम्ही त्याला साडूंचं माहेर म्हणायचो आणि हसायचो.

चौथ्या वर्षी एका मागोमाग एक तीन तपासण्या स्वच्छ आल्या. साडू कागद घेऊन वाडीवर गेले, मीही होतो. "आजी, आता पाणी प्यायला हरकत नाही," ते म्हणाले. आजींनी कागदाकडे बघितलंही नाही.

"आमी सांगत होतो तवा कागद नव्हता, म्हनून कोन आयकत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता कागद हाय म्हनून मी पियाचं?"

साडूंनी कागदाची घडी घातली. आजींनी कळशी सोडली, वर ओढली, ओंजळ भरून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "नाय येत." साडूंनी चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि मग पुन्हा पुसला.

परतताना महाडच्या डेपोशी रिक्षातून उतरताना ते म्हणाले, "साडूभाऊ, मी चार बोअर मारले. त्या बाईंनी नुसता हंडा उचलला होता." एवढं कौतुक त्यांनी माझ्या मेहुणीचंही कधी केल्याचं मला आठवत नाही.

आता ते निवृत्त झालेत, गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही. मी बिरवाडीच्या बाजूला गेलो की आजी विचारतात, "तुमचं पावनं कवा येनार?" मी म्हणतो, येतील. त्या मान हलवतात, आणि मला आत बोलावून पेलाभर पाणी देतात.